फ्रीजचा भाग

२०५८ साली नव्या विनोदी मालिका कोणी पाहत नसे. तरुणांना त्या जुन्या वाटत आणि म्हाताऱ्यांना नव्या. जुन्या मालिकांचे हरवलेले भाग मात्र दर दोन-चार महिन्यांनी कुठे ना कुठे सापडत. कधी गोदामात, कधी एखाद्या निवृत्त संकलकाच्या माळ्यावर, एकदा तर म्हणे लोणच्याच्या कारखान्यात. ‘आठव’ नावाची कंपनी ते भाग धुऊनपुसून दाखवी आणि लोक पहिल्याच मिनिटाला ओरडत, “अरे, हा तर मला पाठ आहे!” हरवलेला भाग पाठ कसा, असं कोणी विचारत नसे. आनंदाच्या प्रसंगी असले प्रश्न बरे दिसत नाहीत.

साताऱ्याच्या हर्षदा वाळिंबे यांना बरं दिसण्याची फारशी हौस नव्हती. वय पंचाहत्तर. हयात शाळेत गणित शिकवण्यात गेली आणि त्यातली बावीस वर्षं त्या बोर्डाच्या मॉडरेटर होत्या, म्हणजे दुसऱ्यांनी तपासलेल्या उत्तरपत्रिका पुन्हा तपासत. सामूहिक कॉपी पकडण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांची पद्धत साधी होती. बरोबर उत्तरांकडे त्या पाहतच नसत. बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखीच असतात. त्या चुका पाहत. पस्तीस मुलांनी एकाच गणितात, एकाच पायरीवर, चौदा सक्कं शहाऐंशी केले असतील, तर पस्तिसांचाही पाढा कच्चा आहे असं समजणारा माणूस फार भला असला पाहिजे. बाई तेवढ्या भल्या नव्हत्या.

त्यांना आयुष्यात एकच व्यसन होतं, ते म्हणजे ‘जिन्याखालचे जोगळेकर’. १९९४ सालची ही मालिका. इमारतीच्या जिन्याखालच्या खोलीत जोगळेकर कुटुंब राहतं आणि वर-खाली करणारा प्रत्येक शेजारी त्यांच्या भांडणात तोंड घालून जातो, एवढीच गोष्ट. बावन्न भाग झाले, त्यातल्या नऊ भागांच्या टेपा हरवल्या. मालिकेला चौसष्ट वर्षं झाली तरी साताऱ्यात तिचं प्रेमी मंडळ होतं. सभासद एक्केचाळीस, सगळे सत्तरीच्या पुढचे. त्यांत तीन पिंकी आणि दोन बंटी होते.

भागांना क्रमांक असतात हे मंडळाला मान्य नव्हतं. ‘सिलिंडरचा भाग’, ‘बुंदीचा भाग’ असं बोलायची रीत होती. सगळ्यांत लाडका होता ‘फ्रीजचा भाग’. जोगळेकर फ्रीज आणतात, तो दारातून आत जात नाही, म्हणून जिन्याच्या पायथ्याशीच ठेवतात. संध्याकाळपर्यंत अकरा बिऱ्हाडांची भांडी त्यात शिरतात आणि कोणाचं दही कोणतं, यावर जोगळेकरांना फ्रीजसमोर खुर्ची टाकून निवाडा करावा लागतो. ऐन निवाड्यात जोगळेकरांचं काम करणारा नट शेजाऱ्याचं नाव विसरतो, घुटमळतो आणि म्हणतो, “अहो... दहीवाले!” बायकोचं काम करणारी नटी खरोखरीची हसते, पदर तोंडाशी धरून पाठ फिरवते. दिग्दर्शकाने ते तसंच ठेवलं. मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात भाग इथपर्यंत आला की एक्केचाळीस माणसं, गुडघ्यांच्या परवानगीने, उभी राहत आणि एका सुरात म्हणत, “अहो... दहीवाले!”

हरवलेल्या नवांपैकी हा भाग ‘आठव’ला तीन वर्षांपूर्वी सापडला होता. त्या आनंदात कंपनीने मंडळाच्या सगळ्या सभासदांना श्रवणयंत्रं फुकट वाटली होती.

यंदा मंडळाला पंचवीस वर्षं होत होती. स्मरणिका निघणार होती आणि ‘फ्रीजचा भाग मी प्रथम पाहिला तेव्हा’ या विषयावर प्रत्येकाने लिहायचं होतं. तपासायला लेख अर्थातच बाईंकडे आले. त्या लाल पेन्सिल घेऊन बसल्या. पहिल्या लेखात लिहिलं होतं, की दहीवाल्यावर एरवी कधी न हसणारे वडील इतके हसले, की चहा त्यांच्या नाकातून आला. बाईंना भरून आलं, कारण त्यांच्या घरीही हेच झालं होतं.

दुसऱ्या लेखातही वडिलांच्या नाकातून चहा आला. तिसऱ्यातही. नवव्या लेखापाशी बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि उरलेले सगळे लेख एका दमात वाचून काढले.

विनोद सगळ्यांनी आपापल्या पद्धतीने चुकवले होते. कोणी दह्याचं ताक केलं होतं, कोणी अकरा बिऱ्हाडांची चौदा. ते ठीक होतं, माणसं स्वतःच्या डोक्याने लिहीत होती. पण वडिलांवर आलं की सगळ्यांचं हस्ताक्षर एक होई. वडील म्हणत, “अरे, बंद करा रे, मरेन मी!” आणि समोरच्या निळ्या फुलांच्या डब्यातून टिश्यू पेपर ओढून नाक पुसत.

बाईंनी ते वाक्य पुन्हा वाचलं. टिश्यू पेपर. १९९४ साली. साताऱ्यात. तिथे त्या काळी माणसं पंचाला, धोतराच्या सोग्याला, फार तर रुमालाला नाक पुसत. नाक पुसून कागद फेकून द्यायचा, हे एखाद्याने केलं असतं तर पेठेत चार दिवस चर्चा झाली असती. आणि इथे चाळीस घरांत निळ्या फुलांचा डबा!

एक्केचाळिसावा लेख त्यांचा स्वतःचा, तो लिहायचा राहिला होता. त्यांनी डोळे मिटले आणि स्वतःच्या वडिलांना आठवून पाहिलं. वाळिंबे मास्तर खुर्चीत बसले होते. हसत होते. चहा नाकातून आला. त्यांनी हात पुढे केला.

निळी फुलं.



हे मास्तर कसे होते, ते सांगायला हवं. त्यांच्या घरात हसायला बंदी नव्हती; तशी वेळच येत नसे. हर्षदाला गणितात पुण्याला पुढे शिकायचं होतं. मास्तरांनी एका वाक्यात नाही म्हटलं आणि दुसरं वाक्य कधी बोलले नाहीत. बाईंनी लग्नानंतर माहेर तोडलं, आडनाव तेवढं ठेवलं. मास्तर वारले तेव्हा त्या गेल्या, पण उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. चाळीस वर्षं त्यांच्या मनात बाप म्हणजे एक बंद तोंड होतं. आणि तीन वर्षांपूर्वी, मेळाव्यात फ्रीजचा भाग पाहताना, एकदम त्यांना ते हसू आठवलं. हा माणूस एकदा तरी आपल्या शेजारी बसून पोट धरून हसला होता! त्या रात्री बाईंनी बापाला माफ केलं. आता त्या नातीला ‘माझे बाबा’ असं म्हणून गोष्टी सांगत. ती सगळी माफी निळ्या फुलांच्या डब्यावर उभी होती.

दुसऱ्या दिवशी त्या मंडळाचे अध्यक्ष तुषार खटावकर यांच्याकडे गेल्या. तुषारराव सत्त्याहत्तर वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले. ते झोपाळ्यावर बसून शेंगा सोलत होते.

“तुषार, तुझे वडील कधी गेले?”

“सकाळी सकाळी काय हर्षदाताई! ब्याण्णवच्या मार्चात.”

“आणि मालिका कधीची?”

“चौऱ्याण्णवची. हे पण मी सांगू का तुम्हाला?”

“मग ती बघताना चहा कोणाच्या नाकातून आला?”

तुषाररावांचा हात शेंगांत थांबला. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं. झोपाळ्याची कुरकुर बंद झाली.

“काका असतील,” ते म्हणाले.

“लेखात वडील लिहिलेत.”

“मग वडीलच असतील!” तुषारराव एकदम तडकले. “तुम्हाला काय करायचंय? मी आठ वर्षांचा असल्यापासून तो माणूस अंथरुणावर होता. मला त्याचा खोकला सोडून काही आठवत नव्हतं. आता हसताना आठवतो. कोणाचं काय घेतलं मी?”

“कॉपी झालीय, तुषार. सगळ्या वर्गाची.”

“झाली असू दे. इथे काय निकाल लागायचाय?” शेंगांची परडी त्यांनी बाजूला सारली आणि हळू आवाजात म्हणाले, “ताई, तेवढं छापा. पाया पडतो.”

बाईंनी त्यांना काहीच कबूल केलं नाही. त्या घरी आल्या, श्रवणयंत्राची माहितीपुस्तिका काढली आणि शेवटच्या पानावरचं नाव वाचलं. डॉ. ईश्वरी सबनीस, स्मृतिविज्ञान विभाग, ‘आठव’, पुणे. बाईंनी फोन करून सांगितलं, की यंत्रात खरखर येते. खोटं बोलायचं तर छोटं बोलावं, हे त्या विद्यार्थ्यांकडून शिकल्या होत्या.

त्यांना पुण्याला बोलावणं आलं. डॉक्टर सबनीस अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या, चेहरा दमलेला. त्यांनी यंत्र कानाशी धरलं.

“खरखर नाहीये, आजी.”

“आजी नको. बाई म्हणा. खरखर माझ्या बापात आहे.” बाईंनी चाळीस लेख टेबलावर ठेवले. टिश्यू पेपरच्या प्रत्येक उल्लेखाखाली लाल रेघ होती.

डॉक्टरांनी पाच-सहा लेख चाळले. मग उठून दार लावलं.

“डबा राहून गेला,” त्या म्हणाल्या. “कोणाच्या लक्षात आलं नव्हतं अजून.”

“सगळं पहिल्यापासून सांगा. मी गणिताची आहे, पायऱ्या गाळू नका.”

डॉक्टरांनी पायऱ्या गाळल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो, असं लोकांना वाटतं. ती लोणच्याच्या बरणीसारखी असते, बाई. आठवायचं म्हणजे झाकण उघडायचं. उघडी असते तेवढी दोन-चार मिनिटं ती कच्ची असते. चमच्याला जे लागलेलं असेल ते आत उतरतं. मग झाकण बसतं आणि जे आत गेलं तेही मूळचंच होऊन मुरतं. हे मेंदू आपणहून करतो, आम्ही नव्हतो तेव्हाही करायचा.”

“आणि तुम्ही काय करता?”

“आम्ही चमचा धरतो. तुम्ही काही आठवायला लागलात की मेंदूच्या लहरी बदलतात, त्या यंत्राला कळतात. त्याच क्षणी ते अगदी हलके ठोके देतं, कानाला न ऐकू येणारे. त्यांनी हवी ती गोष्ट आत उतरते. आम्ही याला ‘मुरवण’ म्हणतो.”

“विनोद उतरवता?”

“विनोद कशाला? तोच तर शोध होता आमचा.” डॉक्टरांच्या आवाजात पहिल्यांदा जरा जीव आला. “जुन्या मालिकांचे भाग लोक पन्नास-पन्नास वर्षं का विसरत नाहीत, हे आम्ही तपासलं. नऊशे चाहते बसवले. लाडका संवाद ऐकवला, की विनोद कळण्याचा जो भाग असतो मेंदूत, तो गप्पच. जागा कोण होतो? चेहरे आणि जागा ओळखणारा भाग. लोकांना भाग आठवतच नसतो, बाई. आठवते खोली. शेजारी कोण बसलं होतं, कोण हसलं, कुठली उशी होती. मालिका नुसती खुंटी. आम्ही नव्या मालिका काढून हात पोळून घेतले होते, कारण नव्या मालिकेला खोली नसते. आता माणसं एकेकटी बघतात ना. मग ठरलं, खोलीच पुरवायची.”

“म्हणजे फ्रीजचा भाग...”

“तीन वर्षांपूर्वीचा. याच इमारतीत केला, दुसऱ्या मजल्यावर. नट-नटी यंत्राने बनवले. प्रायोजक फ्रीजवाले होते.”

“आणि दहीवाले? ती चूक?”

“ती बसवायला चार महिने लागले. चूक नसेल तर चाहते जवळ करत नाहीत. त्यांना वाटायला हवं, की हे फक्त आपल्याच लक्षात आलंय.”

 सामूहिक कॉपीत बाईंनी पुष्कळ डोकी पाहिली होती, पण मुद्दाम चूक पुरवणारा पर्यवेक्षक त्यांना प्रथमच भेटत होता.

“आता मूळ पेपर कोणाचा ते सांगते,” त्या म्हणाल्या. “कॉपीत प्रत्येकाच्या पेपरात चूक उपरी दिसते. एकाच्याच पेपरात ती शोभून दिसते, तो मूळ. तुमचा जन्म कधीचा?”

“दोन हजार दहा.”

“घरात टिश्यूचा डबा असायचा?”

डॉक्टरांनी मान खाली घातली. “जेवणाच्या टेबलावर. आई आणायची. निळ्या फुलांचाच आणायची नेहमी. बाबा मोबाइलवर काहीतरी बघत होते, काय ते आठवत नाही. मी नऊ वर्षांची होते.” त्यांनी लेखांचा गठ्ठा सरळ केला. “चाचणीला एक आठवण हवी होती, खरी, घट्ट, आनंदाची. दुसऱ्या कोणाची न विचारता घ्यायची नाही, म्हणून माझी दिली. मला वाटलं, मी फार सचोटीने वागतेय.”

“मग तुम्हाला तरी तुमचे बाबा राहिले.”

“दोन लाख लोकांनी मला आपापले वडील सांगितले, बाई. मी ऐकायचे तेव्हा माझीही बरणी उघडी असायची. आता आठवायला गेले की डबा दिसतो, चहा दिसतो. खुर्चीत कोणीही असतं. मागच्या आठवड्यात काळी टोपी घातलेले एक मास्तर होते.”

काळी टोपी वाळिंबे मास्तर घालत. बाईंनी ते सांगितलं नाही.

“माझं तुमच्याबद्दल काही म्हणणं असेल तर ते मी नंतर लेखी देईन,” त्या म्हणाल्या. “मला आत्ता एवढंच हवंय. माझा बाप हसला होता की नाही?”

“ते मला कसं माहीत असणार? पण मुरवण कोऱ्या जागेवर बसत नाही. खाली एखादी खरी आठवण लागते. तुम्ही, टीव्ही आणि वडील एका जागी असल्याची. आमचा थर तिच्यावर आहे. तो सोलता येतो. खाली जे असेल ते दिसेल.”

“वाईट असलं तर?”

“तर वाईट दिसेल. आणि आत्ताचं हसू जाईल, ते परत देता येणार नाही. सोललेल्या जागी पुन्हा मुरवण धरत नाही.”

बाईंनी विचार केला. एका बाजूला बाप होता, हसरा, उसना. दुसऱ्या बाजूला एक पेपर होता, जो त्यांनी अजून उघडूनही पाहिला नव्हता. न तपासता पास करणं त्यांच्याच्याने आयुष्यात कधी झालं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पिशवीत ठेवला.

“सोला,” त्या म्हणाल्या.

बारा मिनिटं लागली. दुखलं नाही. वाळिंबे मास्तर खुर्चीत हसत होते, ते फिकट झाले. चहा गेला, डबा गेला, मग खुर्चीच गेली. त्या घरात तसली खुर्ची नव्हती.

राहिली ती साताऱ्याच्या शनिवार पेठेतली पुढची खोली. जमिनीवर सतरंजी. शेजारी मोठा भाऊ सुहास, ओठांवर मिसरूड फुटू लागलेलं. टीव्हीवर जोगळेकर सिलिंडर उचलत होते आणि दोघं लोळून हसत होती. दार वाजलं. मास्तर शिकवणी आटोपून आले. दोघं एकदम गप्प झाली. मास्तरांनी टीव्हीकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं, आणि एक शब्द न बोलता तसेच मागे फिरून दारापुढच्या ओट्यावर जाऊन बसले. दार त्यांनी ओढून घेतलं. बस. एवढंच होतं.

बाईंनी डोळे उघडले. “आमचं हसणं त्याला बघवलं नाही,” त्या म्हणाल्या. “तसाच निघून गेला.” आवाज स्थिर होता. ही आठवण कडू होती, म्हणून त्यांचा तिच्यावर लगेच विश्वास बसला.

डॉक्टर खुर्ची ओढून जवळ बसल्या. “बाई, आणखी कोणी होतं का तिथे? त्यांना विचारा. एका माणसाला अर्धंच दिसतं.”

बाईंनी तिथूनच फोन लावला. सुहास वाळिंबे नागपूरला मुलाकडे होते. वय ऐंशीला आलेलं, पण फोन पहिल्या घंटेला उचलत.

“दादा, शनिवार पेठेत आपण सिलिंडरचा भाग बघत होतो आणि बाबा आले. आठवतं?”

“हो तर! लोळत होतो आपण. काय गं, आज एकदम?”

“ते तसेच मागे फिरून ओट्यावर गेले.”

“गेले ना. आपण गप्प झालो म्हणून गेले. मग मला बाहेरून हाक मारली.”

“तुला? का?”

“तू तोवर आतल्या खोलीत पळाली होतीस. दार किलकिलं करून म्हणाले, ‘सुहास, आवाज जरा वाढव. इथे ऐकू येत नाही.’” सुहासराव हसले. “मी वाढवला. शेवटपर्यंत ऐकत बसला होता म्हातारा, अंधारात, डास मारत. हर्षे? आहेस ना?”

बाईंचा हात तोंडाशी गेला होता. डॉक्टरांनाही फोनमधलं ऐकू आलं होतं. त्यांनी नजर खिडकीकडे वळवली, म्हणजे म्हातारीला मनासारखं रडता यावं. असा बाप मिळत असेल तर रडायला काहीच हरकत नव्हती. उसन्या बापाहून तो बरा होता. कमी हसरा, पण साताऱ्याचा वाटत होता.

फारच वाटत होता. बाईंचा हात तोंडावरून हळूहळू खाली आला. त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“दादा,” त्या म्हणाल्या, “तुला हे कधीपासून आठवतंय रे?”

“म्हणजे काय? पहिल्यापासून,” सुहासराव म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, “थांब हं.”

पलीकडे दादाची बरणी उघडली होती. तो आठवून पाहत होता.